दोन जाळी आणि एक कोन

दांडीच्या किनाऱ्यावर नायलॉनची दोन जाळी एकावर एक पडली, की आरपार पाहणाऱ्याला तिसरीच नक्षी दिसते. ती दोहोंपैकी एकाही जाळ्यात नसते. वरचे जाळे किंचित फिरवावे, तो नक्षीही बदलते. कोन जितका लहान, तितकी तिची घरे मोठी. पदार्थविज्ञानातील अलीकडच्या एका शोधाचे मर्म यातच आहे, हे कलाशाखेच्या वाचकाला कदाचित खरे वाटणार नाही.

पेन्सिलीतले शिसे म्हणजे बव्हंशी ग्रॅफाइट, कार्बनच्या पापुद्र्यांची चवड. एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. गाइम आणि नोव्होसेलॉव्ह यांनी 2004 साली मँचेस्टर येथे तो चक्क चिकटपट्टीने सोलून काढला! (2010 चे नोबेल त्यांना मिळाले.) त्यात अणू षट्कोनी आसांत बसलेले असतात, आणि इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर वेगाने धावतात.

2018 साली एम.आय.टी.त पाब्लो हारियो-एरेरो यांच्या गटाने असे दोन पापुद्रे सुमारे 1.1 अंशाने फिरवून एकावर एक ठेवले. तेव्हा नक्षीचे घर मूळ आसाच्या सुमारे 50 पट भरते आणि इलेक्ट्रॉनांची धाव फार मंदावते. धावणारा शेजाऱ्याची पर्वा करीत नाही. रेंगाळणाऱ्याला ती करावीच लागते. एकमेकांना दूर लोटणारे हे कण मग परस्परांना अडवून जागीच बसतात, प्रवाह थांबतो. विद्युतदाबाने त्यांची संख्या जराशी बदलली, की तोच पदार्थ अतिवाहक होतो. विजेला रोधच उरत नाही. तारापूरची वीज अशा तारांतून वाहील, ही आशा मात्र कोणी धरू नये. हे घडते उणे 271 अंश सेल्सिअसच्या आसपास.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख (भटनागर पारितोषिक, 2015) यांच्या गटाने ग्राफीनच्या दुहेरी पापुद्र्यांच्या अशाच फिरवलेल्या जोड्या अभ्यासल्या आहेत. डहाणू लोकलने चर्चगेट गाठले, की कुलाबा काही दूर नाही.

मला अधिक थक्क करते ती अपूर्णांकाची गोष्ट. इलेक्ट्रॉनचा भार अविभाज्य, असे आपण शाळेत शिकलो. परंतु 1982 साली त्सुई व श्टोर्मर यांना, प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉनांच्या सपाट थरात, एक-तृतीयांश हा आकडा सापडला. लाफलिन यांनी 1983 मध्ये उलगडा केला: इलेक्ट्रॉन फुटत नाही, सर्वांच्या एकत्रित हालचालीतून उठणारा विक्षोभच तृतीयांश भार वाहतो. एकट्या इलेक्ट्रॉनात हा गुण शोधूनही सापडायचा नाही. तिघांना 1998 चे नोबेल मिळाले. पुढे 2023 मध्ये, फिरवून रचलेल्या मॉलिब्डेनम टेल्युराइडच्या दोन पापुद्र्यांत, बाहेरचे चुंबकीय क्षेत्र नसतानाही असे अपूर्णांक दिसले.