विश्लेषण : सिंधुदुर्गात समुद्र, संस्थान आणि घाट एकाच फेरीत कधी पाहता येतात?

जुलैमध्ये सिंधुदुर्गात गेलात तर आंबोलीचे धबधबे कोसळत असतात. पण मालवणच्या किल्ल्याच्या होड्या बंद असतात. मे महिन्यात होडी मिळते, तर आंबोलीचा कातळ कोरडा असतो. या दोन्ही गोष्टींमागचे कारण एकच आहे. ते लक्षात घेऊन बेत आखला, तर तीन दिवसांत जिल्ह्याची तिन्ही रूपे पाहता येतात.

होड्या थांबतात आणि धबधबे सुरू होतात, ते का?

दोन्हींमागे नैर्ऋत्य मोसमी वारे आहेत. या वाऱ्यांनी समुद्र खवळतो, म्हणून साधारण मेअखेर ते ऑगस्टअखेर किल्ल्याची प्रवासी वाहतूक बंद असते. हेच बाष्पाने भरलेले वारे पुढे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पडतो. वेंगुर्ल्याचा किनारा आणि आंबोली यांत सरळ रेषेत जेमतेम ४० किलोमीटर अंतर आहे. तरीही सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीत वर्षाला सरासरी सुमारे ७ हजार मिलिमीटर पाऊस पडतो.

किल्ल्याचे वेगळेपण काय?

छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले. त्यांत सिंधुदुर्ग आणि याच जिल्ह्यातला विजयदुर्गही आहे.

जुनी गावे कोणत्या रस्त्यावर आहेत?

वेंगुर्ले-सावंतवाडी-आंबोली-बेळगाव या रस्त्यावर. वेंगुर्ले हे बेळगावकडच्या मालाचे बंदर होते. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार बांधली. तिचे अवशेष आजही उभे आहेत. पुढे घाटावर रेल्वे आली आणि बंदराचा व्यापार ओसरला.

याच वाटेवर, घाटाच्या पायथ्याशी सावंतवाडी आहे. मोती तलावाकाठच्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना पाहता येतात. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १० अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० गोल पत्ते असतात. लोप पावत चाललेली ही कला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळे मिळतात. महामार्गाने थेट गोव्याला निघालेल्यांचे हे गाव हमखास राहून जाते. खरेदी इथे केली, तर पैसा कारागिराच्या घरी जातो.

आंबोलीत धबधब्यापलीकडे काय आहे?

आंबोली टोड या बेडकाची शास्त्रीय नोंद २००९ मध्ये झाली. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या माशाच्या नव्या प्रजातीची नोंद २०२० मध्ये झाली आणि २०२१ मध्ये तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. इतक्या छोट्या जागेत टिकून असलेल्या जिवांना प्लॅस्टिकचा कचराही जड जातो. म्हणून कुंडात उतरू नका. रात्री बेडूक पाहायचे असतील, तर स्थानिक जाणकारासोबत जा आणि त्यांना हात लावू नका.

मग नेमके कधी जावे?

गणपतीची गर्दी ओसरल्यावर, साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. होड्या सुरू झालेल्या असतात आणि धबधब्यांना पाणी असते. पहिला दिवस मालवण आणि किल्ला, दुसरा वेंगुर्ले आणि सावंतवाडी, तिसरा आंबोली. कोल्हापूर-बेळगावकडच्यांनी हाच क्रम उलटा धरावा. रेल्वेने येणाऱ्यांना मालवणसाठी कुडाळ आणि परतीला सावंतवाडी रोड स्थानक सोयीचे.

समुद्राला तारीख कळत नाही. वारा सुटला तर सप्टेंबरातही होडी थांबते. म्हणून निघण्याआधी मालवणच्या जेटीवर चौकशी करा आणि आंबोली घाट अंधार व धुके पडण्याआधी पार करा.