धूळ नेमकी बसलीय कुठे?

जुन्या रायफलच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि दृश्यात काळा ठिपका दिसला, की हात आधी रुमालाकडे जातो. पुढची काच पुसून होते, डोळ्याकडची होते, तरी ठिपका जागचा हलत नाही. उलट पुढच्या काचेचा बोटाला लागेल एवढा टवका उडालेला असतो आणि दृश्यात तो शोधूनही सापडत नाही. ही गंमत कळल्याशिवाय दुर्बीण उघडू नये, असं माझं मत आहे.

दुसऱ्या महायुद्धातली सोव्हिएत ‘पीयू’ दुर्बीण घेऊ. मोसिन-नागांत रायफलींवर बसवलेली ही साडेतीन पट मोठं दाखवणारी पोलादी नळी युद्धानंतर जगभरच्या संग्राहकांकडे गेली.  

पीयूच्या पुढच्या भिंगाचा उपयोगी व्यास सुमारे 21 मिलिमीटर. समोरच्या झाडाच्या एकेका पानावरून निघालेला प्रकाश या भिंगाच्या सगळ्या पृष्ठभागावर पडतो आणि सगळ्या पृष्ठभागातून जाऊन पुन्हा एका बिंदूत गोळा होतो. म्हणून भिंगावर मिलिमीटरभराचा डाग पडला तरी एकही पान गायब होत नाही. प्रत्येक पान पाव टक्क्याहूनही कमी अंधूक होतं, इतकंच. डाग साऱ्या दृश्यावर वाटला जातो.

पण नळीच्या आत, जिथे तो प्रकाश गोळा होऊन प्रतिमा तयार होते, तिथे हिशेब उलटा. तिथे पानाची जागा एकच असते. डोळ्याकडची नेत्रिका म्हणजे तरी काय, त्या इवल्या प्रतिमेवर धरलेलं भिंगच. नेत्रिकेचं नाभीय अंतर 30 मिलिमीटर धरलं, तर प्रतिमेच्या प्रतलावर बसलेला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा कण शंभर मीटरवरच्या लक्ष्याचा साडेनऊ सेंटिमीटर भाग झाकून टाकतो. डोळ्याला जेमतेम दिसणारी धूळ, आणि शत्रूचा अर्धा चेहरा नाहीसा!

हाच चमत्कार इंग्लंडमध्ये खगोलनिरीक्षक विल्यम गॅस्कॉइनच्या नजरेला पडला, 1640 च्या आसपास. त्याच्या उघड्या राहिलेल्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा ओढला होता आणि तो नेमका प्रतिमेच्या प्रतलात आला. दूरच्या दृश्याबरोबर धागाही तितकाच रेखीव दिसू लागला. दुसऱ्या कुणी जाळं झटकून टाकलं असतं. गॅस्कॉइनने त्यातून मोजमापाचं साधन घडवलं. पुढे 1644 साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. आज नेम धरायच्या ज्या उभ्या-आडव्या रेषांना रेटिकल म्हणतात, ती मुद्दाम बसवलेली अशीच एक ‘घाण’ आहे.

बरं, दोन बहिर्वक्र भिंगांची दुर्बीण जग उलटं दाखवते. ते सुलटं करायला मधे आणखी भिंगं घालावी लागतात आणि प्रतिमा नळीत दोनदा तयार होते. म्हणजे धूळ डोळ्यात खुपेल अशा जागाही दोन. ठिपका कुठला, हे न उघडताच बरंचसं ओळखता येतं. नेत्रिका फिरवली आणि ठिपका तिच्याबरोबर फिरला, तर तो नेत्रिकेवरचा. रेटिकलइतकाच रेखीव दिसत असेल, तर प्रतिमेच्या प्रतलातला.

उघडायचंच ठरलं, तर प्रत्येक आट्याच्या सांध्यावर आधी आडवी खूण करावी, म्हणजे भाग पुन्हा तितकाच फिरवून बसवता येतो. दशकं उलटलेलं ग्रीस गोंदासारखं घट्ट झालेलं असतं. हलकी ऊब दिली की सुटतं. पक्कडीने ओढाताण केली, तर पातळ नळी चेपते. भिंग काढताना त्याची कुठली बाजू पुढे होती ते लिहून ठेवायचं. मग आधी हवेचा फुगा, नंतर मऊ ब्रश आणि शेवटी अल्कोहोलचा पुसट ओलावा दिलेला भिंगाचा कागद. हा क्रम मोडून कोरडं पुसलं, तर धुळीतली वाळूच काचेवर ओरखडे काढते. रेटिकलला मात्र कशाचाच स्पर्श नको, फक्त फुंकर, तीही फुग्याची. तोंडाच्या फुंकरीतून थुंकीचे कण जातात.

जाळीसारखी पसरलेली बुरशी ही वेगळी डोकेदुखी. कोकणातला पावसाळा कॅमेऱ्याने कपाटात काढला असेल, तर मालकाला ती ओळखीची असेल. तिचे तंतू पुसले जातात, पण तिच्या आम्लाने काच खाल्लेली असेल तर तो ठसा कायमचा.

नव्या दुर्बिणींच्या वाटेला घरी जाऊच नये. त्यांत दव धरू नये म्हणून कोरडा नायट्रोजन भरलेला असतो आणि पहिल्याच आट्याला तो निसटतो. पीयूमध्ये असला वायू नसतो, म्हणून ती उघडायला सोपी. तिचं रेटिकल मधोमध दिसलं नाही तर तेही बिघडलेलं समजू नये. वरची चकती फिरवली की या दुर्बिणीत खुद्द रेटिकलच सरकतं.

कधी भिंगाच्या कडेला पिवळसर झाक दिसते. ती पुसून जात नाही, कारण ती दोन काचांच्या मधे असते. जुन्या काळी भिंगांच्या जोड्या कॅनडा बाल्समने, म्हणजे फर झाडाच्या राळेने, चिकटवत. ती राळ सुटू लागली की अशी झाक येते. ती पुढच्या भिंगात आणि कडेपुरतीच असेल, तर जोडी उकलायच्या भानगडीत पडू नये. नेम धरताना ती दिसायचीही नाही.