खुर्ची गावाने दिली, बहुमत कुणाकडे?

नगरपालिकेच्या कचेरीत ज्याने हयात घालवली, त्याला निकालाच्या गुलालापेक्षा निकालानंतरच्या पहिल्या सभेची ओढ जास्त असते. मी सभा कारकून होतो. राहणारा जुन्नरचा, पण नोकरी परजिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत झाली. विषयपत्रिका काढायची, नगरसेवकांच्या घरी जाऊन पोच घ्यायची, सभेत कोपऱ्यात बसून सूचक-अनुमोदकांची नावं टिपायची आणि भांडण ऐन रंगात आलं की मान खाली घालून इतिवृत्त लिहीत राहायचं. आता निवृत्त होऊन गावी परतलोय. पण गावात नवीन नगराध्यक्ष आला की जुनी खोड उसळतेच.

या वेळी तर दोन ठिकाणी एकदमच उसळली. 2 डिसेंबर 2025 ला जुन्नर नगरपरिषदेचं आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या मंचर नगरपंचायतीचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी मोजणी व्हायची ती कोर्टाच्या आदेशाने 21 तारखेवर गेली. मशीनं गोदामात आणि गाव पारावर, असे ते दिवस. चहाच्या प्रत्येक टपरीवर वेगळा नगराध्यक्ष निवडून येत होता. अखेर पेट्या उघडल्या तेव्हा जुन्नरला सुजाता काजळे आणि मंचरला राजश्री गांजाळे निघाल्या. दोघीही एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेच्या.

बाहेरच्या वाचकाला यात नवल काय ते चटकन कळणार नाही. मंचर म्हणजे दिलीप वळसे पाटलांचा गड. 1990 पासून आंबेगावने दुसरा आमदार पाहिलेला नाही. पण 2024 च्या विधानसभेला त्यांचेच जुने सहकारी देवदत्त निकम समोर उभे ठाकले आणि साहेब जेमतेम दीड हजारांच्या फरकाने निसटले. त्याच तालुक्यातल्या लांडेवाडीचे आढळराव पाटील वर्षानुवर्षं शिवसेनेचे खासदार. ते 2024 ला वळसे पाटलांच्याच पक्षाच्या घड्याळावर लोकसभा लढले आणि नारायणगावच्या अमोल कोल्हेंकडून पुन्हा हरले. म्हणजे ज्यांनी एकमेकांविरुद्ध उभी हयात काढली ते दोघे एका बाजूला आले, आणि दोघांच्याही कार्यकर्त्यांना कालच्या वैऱ्याचे फ्लेक्स लावावे लागले. अशा वेळी कार्यकर्ता घरात बसतो किंवा दुसरं घर शोधतो. मंचरच्या निकालाचं एक कारण मला तरी तिथेच दिसतं.

जुन्नरची गोष्ट निराळी. हे गाव आमदार टिकू देत नाही. 2009 ला वल्लभ बेनके; 2014 ला शरद सोनवणे, तेही मनसेचे, राज्यातले त्या पक्षाचे एकमेव; 2019 ला वल्लभशेठांचे चिरंजीव अतुल बेनके; आणि 2024 ला पुन्हा सोनवणे, या खेपेस अपक्ष. निवडून आल्यावर ते शिंदेंच्या बाजूला उभे राहिले. नगरपालिकेत मात्र शिवसेना नवी नाही. 2016 च्या डिसेंबरात झालेल्या थेट निवडणुकीत श्याम पांडे शिवसेनेचेच नगराध्यक्ष झाले होते. त्यांची मुदत संपली आणि पालिका प्रशासकाच्या हाती गेली. ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात, मग बांठिया आयोग, मग प्रभागरचना कुणी करायची यावरून खेचाखेची. अखेर 6 मे 2025 ला कोर्टाने निवडणुका घ्याच म्हणून बजावलं. प्रशासकाच्या या सगळ्या काळात गावाला नगरसेवकच नव्हता. गटार तुंबलं तर थेट मुख्याधिकारी. बऱ्याच लोकांना ते बरंही वाटलं, हे मी पारावर ऐकलेलं आहे. मला ते बरं वाटत नाही. साहेबाची बदली होते आणि गटार गावातच राहतं.

आता मूळ मुद्दा, थेट निवडीचा. नगराध्यक्ष लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, यावर आपल्या राज्याचं मन कधी ठरलंच नाही. 2001 ला विलासराव देशमुखांच्या सरकारने थेट निवड आणली, 2006 ला ती गेली. 2016 ला फडणवीसांनी परत आणली, 2020 ला महाविकास आघाडीने काढली, 2022 ला शिंदे-फडणवीस सरकारने पुन्हा बसवली. ज्याला ज्यात फायदा, त्याने ती पद्धत लोकशाहीची म्हणून सांगितली. आम्ही कारकून मंडळी दर वेळी नियमांच्या पुस्तकात नवीन चिठ्ठी चिकटवायचो.

नगरसेवकांमधून निवड म्हणजे काय, ते मी फार जवळून पाहिलंय. मुदत अडीच वर्षांची. तारीख जाहीर झाली की बहुमताला लागतील तेवढे नगरसेवक गावातून गायब व्हायचे. त्याला सहल म्हणायचे. आणि सभेची नोटीस बजावणं माझं काम! एकदा मी, शिपाई आणि दोन पंच अशी वरात घरोघर फिरली. दाराला कुलूप, शेजारी म्हणतात ‘देवाला गेलेत’. मग खळ लावून नोटीस दारावर डकवायची, पंचनामा लिहायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि पुढचं दार. एका ज्येष्ठ नगरसेवकांच्या सौभाग्यवतींनी आम्हालाच विचारलं, ‘अहो, हे गोळ्या इथंच विसरलेत, पोचवाल का कुठं आहेत तिथं?’ मतदानाच्या दिवशी गाडी थेट कचेरीच्या दारात आली. मंडळी टोप्या सारख्या करत उतरली, हात वर केले आणि अध्यक्ष झाला. गावाला हे सगळं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं.

म्हणून मी थेट निवडीच्या बाजूचा आहे. सहलीला दहा-बारा माणसं नेता येतात, अख्खं गाव नेता येत नाही. जुन्नरला या वेळी माझ्या पुढे उभ्या आजींनी दोन बटणं दाबली आणि निघाल्या. मशीन गप्प. मतदान अधिकारी म्हणाले, ‘आजी, अजून एक राहिलं.’ दोन मतं प्रभागातल्या दोन नगरसेवकांना आणि एक नगराध्यक्षाला. तिन्ही दिल्यावरच मशीन ओरडतं. मंचर नगरपंचायत असल्याने तिथे वॉर्डाला एकच सदस्य, म्हणजे दोन बटणं. आजी परत फिरल्या आणि पदर सावरत बोलल्या, ‘मग आधी सांगायचं की, मोठं बटण शेवटी आहे म्हणून.’

पण हे मोठं बटण आपण अर्धवट बसवलंय. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचं, असं सर्रास होतं. मतदारही हुशार, खुर्चीला एकाला देतो, वॉर्डात भावकीला देतो. मग सुरू होते सभागृहाची करामत. विषय मांडला की ‘माहिती अपुरी, पुढील सभेत ठेवावा’. पुढील सभेत गणसंख्या नाही, सभा तहकूब. पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य या विषय समित्या नगरसेवकांच्या संख्याबळावर ठरतात, उपनगराध्यक्षही तेच निवडतात. अध्यक्ष सभा चालवतात, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतात. पण रोजचा कारभार आणि चेकवरची सही मुख्याधिकाऱ्यांची, आणि ते सरकारचे नोकर. ठराव कायद्यात बसत नाही असं वाटलं तर 1965 च्या अधिनियमातलं कलम 308 वापरून जिल्हाधिकारी तो रोखू शकतात. गावाला वाटतं आपण राजा निवडला. कचेरीला माहीत असतं की राजाकडे घंटा आहे, तिजोरीची किल्ली नाही.

हे बटण पुरतं कसं बसवायचं, ते इटलीत दिसतं. तिथेही 1993 पर्यंत महापौर नगरसेवकच निवडायचे, आणि आघाड्या मोडल्या की महापौर बदलायचे. त्या वर्षी मार्चमध्ये 81 क्रमांकाचा कायदा झाला आणि महापौर थेट लोकांनी निवडायचा ठरला. पण तिथे कायदा करणाऱ्यांनी पुढचाही विचार केला. पंधरा हजारांवर वस्तीच्या गावात पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक. आणि जो जिंकेल त्याच्या बाजूच्या याद्यांना सभागृहात साधारणपणे साठ टक्के जागा. त्याहून लहान गावात एकच फेरी आणि विजेत्याला दोन तृतीयांश. शिवाय सभागृहाने महापौरावर अविश्वास आणला तर सभागृहही बरखास्त, सगळ्यांनी पुन्हा लोकांपुढे जायचं. सहलीला जायची मजाच गेली! जुन्नरची लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे तिथल्या हिशेबात आमच्याकडे दोन फेऱ्या झाल्या असत्या. विजेत्याला फुकटच्या जागा देणं मला तितकंसं पटत नाही, विरोधक उरायलाच हवेत. पण अविश्वासाची ती अट मात्र आपण डोळे झाकून उचलावी.

परत आपल्याकडे येऊ. जुन्नर आणि मंचर, दोन्ही गावांत अध्यक्षपद महिलांसाठी राखीव होतं. निम्म्या जागा महिलांना, हे राज्यात 2011 पासून आहे. माझ्या नोकरीच्या गावात (जुन्नर-मंचरचं मी बोलत नाही) एका बाईंच्या केबिनमध्ये यजमानांसाठी वेगळी खुर्ची टाकली होती आणि फाइल आधी तिकडे जायची. वर्षभरात बाई टिपणी वाचायला शिकल्या. ‘हा दर गेल्या निविदेत एवढा नव्हता,’ असं त्यांनी भर सभेत म्हटलं, तेव्हा ठेकेदाराआधी यजमान दचकले. ती खुर्ची पुढे व्हरांड्यात गेली.

माझी धाकटी बहीण मंचरला दिलेली. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आल्यावर झालेली ही पहिलीच निवडणूक, त्यामुळे तिचं घर अजून गोंधळात आहे. सरपंच रस्त्यात भेटायचे, ग्रामसभेत कुणीही उठून बोलायचं. आता ग्रामसभा नाही. नगरपंचायतीच्या सभेला नागरिकाने बसावं, ऐकावं, बोलू नये. गंमत म्हणजे तालुक्याचं ठाणं असलेलं घोडेगाव आणि टोमॅटोच्या बाजाराचं नारायणगाव अजून ग्रामपंचायतीच आहेत. बहिणीचा प्रश्न साधा होता: घरासमोरचा दिवा बंद आहे, अर्ज नगराध्यक्षांना द्यायचा की वॉर्डातल्या मेंबरला? तिला म्हटलं, अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिही, प्रत नगराध्यक्षांना दे, मेंबरला फोन कर. आणि आवक-जावकच्या टेबलावर शिक्का मारून नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस, बाकी कुणी काहीही सांगो.