चार लोकांत पहिलं वाक्य

मनाशी ओळख : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण काळजीच्या विचारांबद्दल बोललो. आज काळजीचंच एक जास्त छळणारं रूप घेऊ, ते म्हणजे माणसांची भीती.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूर-कोरेगाव पट्ट्यात आल्याचा दर गाडीवर बोलला जातो. एक गाडी म्हणजे ५०० किलो. व्यापारी माल बघतो, दर सांगतो, मग नवं आलं आणि जुनं आलं एकाच दरानं जाणार की वेगळं काढणार यावर घासाघीस होते. समजा, अशा वेळी एका तरुण शेतकऱ्याला एवढंच म्हणायचं आहे, "एवढ्याला न्हाई परवडत मालक, दुसरीकडं जास्त देत्यात." आदल्या रात्रीपासून त्यानं हे वाक्य मनात घोळवलंय. पण व्यापारी समोर उभा राहिला की घशाला कोरड पडते, छाती धडधडते, कान तापतात आणि तोंडातून "बरं, चालंल" एवढंच निघतं. घरचे म्हणतात, पोरगं पहिल्यापासून बुजरंच. त्याला शेतीतलं सगळं कळतं, दरही माहीत असतो. तरी वर्षभराच्या कष्टाचं मोल एका न उच्चारलेल्या वाक्यापायी कमी होतं.

अशी माणसं प्रत्येक गावात आहेत. पंगतीत सगळे बघतील म्हणून हात थरथरणारी, बचत गटाच्या बैठकीत सही करायची वेळ आली की पेन न धरवणारी, वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारी, लग्नाला जायचं नाव काढताच पोटात गोळा येणारी. त्यांना कोणी शिष्ट म्हणतं, कोणी माणूसघाणं म्हणतं. खरं तर त्यांना माणसं हवी असतात. त्या माणसांच्या नजरेचीच त्यांना धास्ती असते.

बुजरेपणा आणि आजार

बुजरेपणा हा स्वभाव आहे. बुजरा माणूस सुरुवातीला गप्प राहतो, हळूहळू रुळतो आणि त्याचं काही अडत नाही. सोशल अँक्झायटी, म्हणजे सामाजिक भयगंड, ही पुढची पायरी आहे. लोक आपल्याला जोखतील, हसतील, कमी लेखतील या भीतीनं माणूस प्रसंगच टाळू लागतो आणि त्यापायी शिक्षण, नोकरी, व्यवहार, लग्न अडतं. मानसोपचारातल्या प्रचलित निकषांनुसार हा त्रास साधारण सहा महिने किंवा जास्त काळ टिकलेला असावा लागतो. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याला पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. त्याची सुरुवात बहुधा किशोरवयात होते आणि योग्य उपाय न झाल्यास तो वर्षानुवर्षं चालू राहतो. "मोठा झाला की आपोआप जाईल" या आशेवर थांबणं म्हणूनच महागात पडतं.

भीती कशावर जगते

भीतीला सगळ्यात मोठं खाद्य मिळतं ते टाळण्यातून. लग्नाला न जाण्याचं ठरवलं की त्या क्षणी छातीवरचं ओझं उतरतं. ही सुटका सावकाराच्या कर्जासारखी असते. आजची नड भागते आणि उद्या व्याजासकट भीती दारात उभी राहते. कारण मेंदूनं एवढंच टिपलेलं असतं की गेलो नाही म्हणून वाचलो. गेलो असतो तर काय झालं असतं, हे पाहायची संधीच त्याला मिळत नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये या आजाराची जी मांडणी केली, त्यात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे अशा प्रसंगी माणसाचं सगळं लक्ष आत वळतं. आवाज कापतोय का, चेहरा लाल झाला का, हात हलतोय का, याचीच तो पाहणी करत राहतो. समोरचा काय म्हणतोय ते निसटतं, म्हणून उत्तर चुकतं, आणि मग आपल्याला बोलताच येत नाही ही समजूत पक्की होते. दुसरी गोष्ट म्हणजे बचावाच्या युक्त्या. सतत मोबाइलमध्ये डोकं घालणं, मागच्या खुर्चीत बसणं, वाक्य दहादा मनात म्हणून मगच बोलणं, सोबतीला कायम भावाला नेणं. प्रसंग नीट पार पडला तरी श्रेय या युक्त्यांना जातं आणि भीती तशीच उरते.

लोक आपल्याकडे वाटतं तेवढं पाहत नाहीत, हेही प्रयोगानं दिसलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना, घालायला लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसले होते त्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या तो लक्षात राहिला होता. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

भीतीसकट बोलणारी माणसं

गांधीजी १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात मामीबाई नावाच्या बाईंचा खटला त्यांना मिळाला. उलटतपासणीला ते उभे राहिले, डोकं गरगरू लागलं आणि एकही प्रश्न सुचला नाही. ते खाली बसले, दुसरा वकील घ्यायला सांगून ३० रुपये फी परत केली आणि कोर्टातून निघून गेले. पुढे १८९३ मध्ये प्रिटोरियात तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांपुढे त्यांनी व्यवहारातल्या सचोटीवर भाषण केलं. त्यांनीच ते आपल्या आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणावं असं नोंदवलं आहे. यानंतर भीती संपली का? नाही. १८९६ मध्ये मुंबईतल्या एका जाहीर सभेत त्यांचा आवाज पुन्हा अडला आणि त्यांचं लिखित भाषण ज्येष्ठ नेते दिनशा वाच्छांना वाचून दाखवावं लागलं. तरीही ते बोलायचं थांबले नाहीत. त्यांचं लक्ष स्वतःवरून कामाकडे गेलं होतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची गोष्ट तर थेट स्वयंउपचाराची आहे. १९१३ साली जन्मलेले एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःलाच काम लावून घेतलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिथं जाऊन बसायचं आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची. असे १३० प्रसंग झाले. ३० जणी उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. हिशोब मांडला तर सगळी फजितीच. पण कोणी पोलीस बोलावले नाहीत, कोणी आरडाओरडा केला नाही, आणि एलिस यांची भीती गेली. १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठीत ती रुजवण्याचं मोठं काम मुंबईच्या कि. मो. फडके यांनी केलं आणि ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी ती व्याख्यानांतून, पुस्तकांतून घरोघर नेली.

या पद्धतीचा गाभा असा आहे. व्यापारी समोर येणं हा प्रसंग आणि घशाला कोरड हा परिणाम. दोघांच्या मध्ये एक विचार असतो. "मी अडखळलो तर माझी लाज जाईल आणि ते मला सहनच होणार नाही." या विचाराला प्रश्न विचारायचे. अडखळलो तर नेमकं काय होईल? आजवर कितीदा तसं झालं? झालं तर मी खरंच कोलमडेन का? मग त्याजागी पटेल असं वाक्य ठेवायचं. "न अडखळता बोललो तर बरंच, पण अडखळलो म्हणून माझी किंमत कमी होत नाही."

गावातली अडचण

एलिस यांच्यापुढे अनोळखी शहर होतं. फजिती झाली तरी पुन्हा तेच तोंड दिसणार नव्हतं. रहिमतपुरात तसं नाही. इथं वळणावर कोणीतरी विचारतं, "कुणाचा रं तू?" आणि उत्तर ऐकून आजोबांपर्यंतची ओळख सांगतं. अशा त्रासातल्या अनेकांना परक्या माणसापेक्षा अर्धवट ओळखीचा माणूस जड जातो, आणि लहान गावात बहुतेक सगळेच अर्धवट ओळखीचे. शहरासाठी लिहिलेले उपाय इथं जसेच्या तसे चालत नाहीत, ते यामुळेच. इथं सराव गावाबाहेरून सुरू करावा आणि हळूहळू घराकडे यावं.

वहीत आपल्याला जड जाणारे प्रसंग लिहा. प्रत्येकापुढे भीतीचा आकडा मांडा. शून्य म्हणजे काहीच नाही, शंभर म्हणजे असह्य. त्या तरुण शेतकऱ्याची यादी अशी होऊ शकेल :

• रेल्वेत शेजारच्या प्रवाशाला "मसूर आलं का हो?" विचारणं : २०
• साताऱ्यात दुकानात वस्तू पाहून, दर विचारून, काही न घेता बाहेर पडणं : ३५
• परगावच्या व्यापाऱ्याला फोन करून आल्याचा आजचा दर विचारणं : ४५
• गावच्या कृषी सेवा केंद्रात गर्दी असताना औषधाचं प्रमाण नीट विचारून घेणं : ५५
• चहाच्या हॉटेलात ओळखीच्या चौघांत आपलं एक मत सांगणं : ६५
• व्यापाऱ्याला "एवढ्याला नाही" म्हणणं : ८०
• विकास सोसायटीच्या वार्षिक सभेत उभं राहून प्रश्न विचारणं : ९०

सगळ्यात लहान आकड्यापासून सुरुवात करा. एकच पायरी पुन्हा पुन्हा चढा, जमल्यास रोज. आठवड्यातून एकदा मोठी उडी मारण्यापेक्षा रोजचा लहान सराव जास्त कामी येतो. मध्येच पळ काढू नका. भीती शून्यावर आली पाहिजे असा हट्टही नको. जे घडेल असं वाटत होतं ते घडलं का, एवढं पाहण्यापुरतं तरी तिथं थांबा. पायरी फारच जड वाटली तर तिच्या आधी आणखी एक सोपी पायरी घाला.

सराव करताना

आधी आणि नंतर लिहा. जाण्यापूर्वी एक ओळ : "मला वाटतं की दुकानदार माझ्यावर हसेल." आल्यावर दुसरी ओळ : "तो हसला नाही, औषधाच्या पिशवीकडे बोट दाखवलं." भाकीत आणि घटना शेजारी-शेजारी असल्या की मनाला त्या नाकारता येत नाहीत.

लक्ष बाहेर वळवा. समोरच्याच्या शर्टाचा रंग, त्याचे शब्द, दुकानात लावलेला रेडिओ, काहीही. छातीत धडधडत असेल तर धडधडू द्या. त्यातूनही कान समोरच्याच्या वाक्यावर ठेवता येतो.

बचावाची युक्ती एकेक करून सोडा. या खेपेला मोबाइल खिशात, पुढच्या खेपेला भावाशिवाय. हळू, लांब श्वास सोडल्यानं अंग सैल पडतं, प्रसंगाला जाण्याआधी तसं जरूर करा. मात्र श्वास मोजल्याशिवाय बोलताच येत नाही अशी सवय लागली तर तीही युक्तीच झाली. दारूच्या आधारानं लग्नात वावरणं हे त्याहून घातक. अनेकांचं व्यसन या एका सोयीतून सुरू होतं.

रात्रीची उजळणी थांबवा. अंथरुणावर पडल्यावर दिवसभराचा प्रत्येक शब्द तपासण्याची सवय या त्रासात फार असते, आणि तिच्यात झालेल्या चुकाच तेवढ्या मोठ्या होतात. वहीतली ओळ लिहून झाली की तो प्रसंग संपला असं ठरवा.

घरच्यांसाठी

पाहुण्यांसमोर "बोल की रे, तोंड शिवलंय का?" असं म्हणू नका. मुलाच्या वतीनं दर वेळी तुम्हीच उत्तरही देऊ नका. पहिल्यानं लाज वाढते, दुसऱ्यानं टाळणं वाढतं. दुकानात त्याला पैसे देऊन पाठवा, त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा, आणि बोलला तर कौतुकाचा गाजावाजा न करता "आणलंस? बरं केलंस" एवढंच म्हणा. शिक्षकांनीही अशा मुलाला अचानक उभं न करता आदल्या दिवशी सांगावं, उद्या हा परिच्छेद तू वाचायचा आहेस.

मदत कधी घ्यावी

हे उपाय सौम्य आणि मध्यम त्रासासाठी आहेत. शाळा-कॉलेज सुटलं असेल, नोकरी सोडली असेल, घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, दारू लागली असेल, उदासी दाटली असेल, जगणं नको वाटत असेल, तर वहीवर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. या आजारावर वर्तन-विचार उपचार आणि औषधं, दोन्ही उपयोगी पडतात. शासनाची 'टेलिमानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मनोविकारांवर उपचार मिळतात. फोन लावणं हीच ज्यांची भीती आहे, त्यांनी आधी दोन वाक्यं कागदावर लिहून घ्यावीत आणि ती वाचून दाखवावीत. पलीकडच्या माणसाला असे फोन रोज येतात.

पुढच्या लेखात झोप आणि मनाचं नातं पाहू. तोवर एकच विनंती. या आठवड्यात वहीत सात प्रसंग लिहा, त्यांतला सगळ्यात सोपा निवडा आणि तो उद्याच करा. भीती जाईल मग बोलेन, असं म्हणून थांबू नका. आधी बोला. भीती मागाहून कमी होते.