हातावर हात आदळू नये म्हणून

मंडळी, आपल्याकडची मुले आयटीआय करून पुण्याकडे चाकणला मोटारींच्या कारखान्यात जातात. तिथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. अशा कारखान्यांत सांगाड्याच्या पत्र्यांचे वेल्डिंग यंत्रमानव करतात. यंत्रमानव म्हटले, तरी त्याला ना डोके ना पाय. जमिनीला खिळलेला, सहा सांध्यांत वळणारा तो नुसता एक हात. 'रोबो' हा शब्द चेक लेखक कारेल चापेक याच्या १९२० सालच्या नाटकातून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ आहे वेठ!

आता एका सांगाड्याभोवती असे चार हात उभे आहेत असे समजा. घड्याळ लावून प्रत्येकाची वेळ ठरवून दिली, तर? एखादा पत्रा अडकला, एक हात रेंगाळला, की दुसरा ठरल्या वेळी येऊन धडकणारच. म्हणून भरवसा घड्याळावर नाही, परवान्यावर. एकेरी रेल्वेमार्गावर टोकनचा गोळा हाती पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवीत नसे, तसेच हे. दोन हातांची पोच जिथे एकमेकींत शिरते, तेवढी जागा आधी आखून घेतात. आत शिरण्यापूर्वी हात नियंत्रक यंत्राकडे परवाना मागतो, पुरता बाहेर आला की परत करतो.

पण एवढ्याने भागत नाही. पांदणीत दोन बंड्या समोरासमोर आल्या म्हणजे काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. इथेही तसेच. एकाने डावी जागा धरली, त्याला उजवीही हवी. दुसऱ्याने उजवी धरली, त्याला डावीही हवी. दोघेही नियमाने वागले, आणि सारी रांग ठप्प! गुरुजींनी हे वर्गात करून पाहावे. फळ्यापाशी दोन मुले, एक खडू, एक डस्टर. प्रत्येकाला दोन्ही वस्तू एकदम हव्यात. एकाने खडू उचलला, दुसऱ्याने डस्टर, की झाले. मग सांगा, 'आधी खडू, मगच डस्टर.' पेच पडतच नाही. कारखान्यातही जागांना असाच क्रम देता येतो.

राहता राहिला माणूस. तो परवाना मागत नाही आणि साध्या यंत्रमानवाला तो दिसतही नाही. १९७९ साली अमेरिकेत, मिशिगनमधील फोर्डच्या कारखान्यात, सामान काढायला रॅकवर चढलेला रॉबर्ट विल्यम्स हा कामगार अशाच यंत्राच्या हाताचा तडाखा बसून मेला. म्हणून हातांभोवती जाळीचे कुंपण असते. दार उघडले की आतले हात थांबतात. दुरुस्तीला जाणाऱ्याने वीज तोडून तिथे आपले कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात ठेवायची. गावचा कोणी तिकडे निघाला असेल, तर त्याला हे आधीच सांगून ठेवा: किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही.