पै पै जोडून बांधलेला वेग

१९३२ साली अमेरिका मंदीत होरपळत होती. त्याच वर्षी हेन्री फोर्डने आठ सिलिंडरांचं व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणलं. तोवर असं इंजिन कॅडिलॅकसारख्या श्रीमंती गाड्यांत असायचं. फोर्डने त्याचा ब्लॉक एकाच ओतकामात काढला, त्यामुळे खर्च उतरला. ३.६ लिटरच्या या इंजिनाची ताकद ६५ अश्वशक्ती होती. तरीही कॅलिफोर्नियात पेट्रोल पंपावर राबणाऱ्या पोराला नवी गाडी परवडत नव्हती. हॉट रॉडची गोष्ट अशाच पोरांनी घडवली.

हॉट रॉड म्हणजे जुनी, स्वस्त गाडी हलकी करून आणि तिचं इंजिन जोमदार करून स्वतः घडवलेली वेगवान गाडी. कच्च्या मालाला तोटा नव्हता. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने दीड कोटी मॉडेल टी बनवल्या होत्या, त्यामुळे भंगारात सुटे भाग मुबलक मिळत.

पहिली सुधारणा फुकट व्हायची. मडगार्ड, टप, बाजूच्या पायऱ्या उतरवल्या की वजन घटायचं आणि तेच इंजिन गाडी जास्त जोरात पळवायचं. मग थोडे पैसे जमले की सिलिंडर हेड मशीनवर घासून घ्यायचं, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं. आणखी जमले की दोन कार्ब्युरेटर बसतील असा मॅनिफोल्ड. त्यानंतर नवा कॅमशाफ्ट, जो व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवून इंजिनात जास्त हवा आणि पेट्रोल जाऊ देतो. अख्ख्या गाडीची किंमत आवाक्याबाहेर असली, तरी पुढच्या एका भागाची किंमत आवाक्यात असे. या पोरांची बचत आणि गाडीची बांधणी बरोबरीने चालायची.

केलेल्या कामाची परीक्षा मोहावे वाळवंटातल्या म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर होई. तिथल्या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन झाली.

महायुद्ध संपल्यावर जवान परतले ते साठवलेला पगार आणि लष्करात शिकलेलं यंत्रकाम घेऊन. अ‍ॅलेक्स झिडियसने १९४६ मध्ये बर्बँकला ‘सो-कॅल स्पीड शॉप’ उघडलं. बिल बर्कने लढाऊ विमानाच्या जादा इंधन टाकीचीच शर्यतीच्या गाडीची बॉडी केली. एड इस्केंडेरियनला स्वतःच्या गाडीच्या कॅमशाफ्टसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागत होतं. त्याने जुनं ग्राइंडिंग मशीन विकत घेतलं, त्यात बदल केले आणि स्वतःच कॅमशाफ्ट घासायला लागला. त्यातून पुढे त्याचा नावाजलेला उद्योग उभा राहिला. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसनचं ‘हॉट रॉड’ मासिक निघालं. किंमत २५ सेंट. आता दूरच्या गावातला मुलगाही कुठला भाग काय काम करतो हे वाचून शिकू शकत होता आणि पुढच्या खरेदीचा हिशेब मांडू शकत होता.

आज १९३२ च्या फोर्डची अस्सल बॉडी फार महाग झाली आहे. पण त्याच आकाराच्या फायबरग्लासच्या आणि पोलादी पत्र्याच्या नव्या बॉडी मिळतात. कुणीतरी अर्धवट सोडलेली गाडीही विकायला येते. पहिल्या गाडीसाठी साठवणाऱ्याने खर्चाचा क्रम मात्र नीट लावावा. आधी स्वच्छ कागदपत्रं आणि सरळ चासी. मग ब्रेक, इंजिनाच्याही आधी. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ च्या गाड्यांपासून दिले, आणि जाणत्या पोरांनी ते काढून आपल्या जुन्या गाड्यांना बसवले. गाडी पळवायची तर ती थांबलीही पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रंग आणि क्रोम सर्वांत शेवटी. नुसत्या प्रायमरवर वर्षानुवर्षं धावलेल्या हॉट रॉड कितीतरी आहेत. त्यांच्या मालकांची बचत अजून चालू होती, पण गाडी त्यांना केव्हाच मिळाली होती.