काळं पडलेलं पातं

संपादकांनी सांगितलं होतं, देवरूखच्या बाजूच्या रोपवाटिकांवर लिहा. कलमं बांधायचा हंगाम पावसाळ्यातला, म्हणून श्रावणात गेलो. पाहायची होती कलमं, पण ती बांधणाऱ्या एका वयस्क काकांच्या हातातल्या घडीच्या चाकूवरून नजर हलेना.

कलमांचा इतिहास थोडक्यात सांगतो. पूर्वी कोकणात आंब्याची भेटकलमं बांधत. कुंडीतलं रोप मूळ झाडाच्या फांदीपर्यंत उचलून तिला बांधायचं आणि सांधा जुळेपर्यंत तिथेच ठेवायचं. नंतर कोय कलम आलं. ते इथे रुजवण्यात १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. आता कोयीतून नुकतंच वर आलेलं, तांबूस पानांचं रोप वरून छाटतात, दांडा मधोमध चिरतात आणि हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन त्या चिरेत बसवतात. वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळली की झालं. सगळं काम चाकूचं.

पाचर चार-पाच सेंटिमीटरची आणि तिची प्रत्येक बाजू एकाच ओढीत तासलेली हवी. सालीच्या आत, लाकडाला चिकटून जो हिरवट ओलसर थर असतो, तो काडीचा आणि रोपाचा एकमेकांना टेकला तरच सांधा जुळतो. पातं अडखळलं, पृष्ठभाग लहरी झाला की मध्ये पोकळी राहते आणि काडी वाळते. म्हणून ही माणसं धारेबाबत फार कडक असतात. काकांच्या चाकूची धार एकाच बाजूने घासलेली होती आणि दुसरी बाजू सपाट, कारण दोन्हीकडून उतार दिलेलं पातं काडीत सरळ जात नाही.

त्यांच्याकडे चाकू दोन होते. एक त्याच हंगामात घेतलेला, आरशासारखा चकचकीत. दुसरा जुना. त्याचं पातं धारेची बारीक रेघ सोडली तर सगळं निळसर काळं, जांभळ्या छटेचं. काका नव्याने साध्या छाटण्या करत होते आणि सांध्याचं काम जुन्याने. नवा अजून ‘कामात बसला नाही’ असं त्यांचं म्हणणं.

दोन्ही पाती साध्या कार्बन पोलादाची. या पोलादात गंज अडवण्याइतकं क्रोमियम नसतं, स्टेनलेसमध्ये ते किमान साडेदहा टक्के लागतं. त्या बदल्यात कार्बन पोलादाला बारीक धार चढते आणि ती साध्या निसण्यावर मिनिटाभरात परत आणता येते. पण आंब्याची काडी कापली की रसातलं टॅनिन लोखंडाला भिडतं आणि चकचकीत पात्यावर तासाभरात पिवळे, निळे, करडे पट्टे उमटतात. हिरडा आणि हिराकस उकळून पोथ्यांची काळी शाई करत, तिचं रसायन हेच. सह्याद्रीतल्या हिरड्याने कागदावर जे केलं, ते आंब्याची काडी पोलादावर करते.

हा काळा थर आणि तांबडा गंज या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तांबडा गंज फुगतो, सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि त्याच्याखाली लोखंड खात जातो. काळा थर पातळ आणि घट्ट चिकटलेला असतो. तो गंजाला पुरता रोखत नाही, त्याची चाल मंद करतो, एवढंच. लोहार हे आपल्या पद्धतीने जाणतातच. ट्रकच्या कमानपाट्याची कोयती घडवताना भट्टीतली काळी साल ते पात्याच्या अंगावर राहू देतात आणि फक्त धारेची बाजू कानशीने उजळतात. जपानी लोहारही चाकूंवर अशीच काळी साल राखतात, तिकडे तिला कुरोउची म्हणतात.

पात्याची घासणी कशी आहे, यावरही बरंच ठरतं. जाड दगडावर घासलेल्या पात्याच्या ओरखड्यांत पाणी आणि चीक साचतो, गंज तिथूनच धरतो. गुळगुळीत पात्यावर तो उशिरा येतो, पण तिथे काळेपणाही एकसारखा चढायला वेळ लागतो. काहीजण नव्या पात्यावर आमसुलाची साल चोळून ही वाट जवळ करतात. ती साल ताज्या रातांब्याची, बिनमिठाची हवी. मीठ घातलेलं आगळ लावलं तर मिठातल्या क्लोराईडने पात्याला बारीक खड्डे पडतात आणि ते पुन्हा भरत नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कलमांचा हंगाम नेमका त्यातच. पातं पुसता येतं. खरी अडचण असते घडीच्या खाचेत. चीक आणि पाणी मिळून तिथे चिकट लगदा होतो, वारा लागत नाही आणि पातं वरून छान काळं दिसत असताना आतला खिळा तांबडा होत जातो. मग पातं हलू लागतं. हलणाऱ्या पात्याने सरळ पाचर होत नाही. काका संध्याकाळी खाच काडीने कोरून काढतात, चुलीच्या उबेला चाकू उघडा ठेवतात आणि सांध्यात खोबरेल सोडतात. हे तेल अळशीच्या तेलासारखं सुकून चिकट होत नाही, म्हणून इथे तेच योग्य.

आता रोगाची भीती आहे म्हणून पाती मधूनमधून निर्जंतुक करावी लागतात. त्यासाठी ब्लीचचं पाणी वापरलं तर कार्बन पोलादाचं मातेरं होतं. स्पिरिट चालतं, पण ते विकत आणावं लागतं. शिवाय हल्ली अनेक तरुण तुकडे मोडून टाकायचे कटर वापरतात. त्याला निसणा नको, तेल नको, बोथटला की पुढचा तुकडा. त्यांना दोष देता येत नाही, रोजाच्या कामात वेळ वाचतो. पण ते पातळ पातं जाड काडीत वाकतं आणि पाचर किंचित गोलसर होते, हे मी शेजारी शेजारी ठेवलेल्या काड्यांवर पाहिलं. चांगला स्टेनलेस चाकू हा रास्त पर्याय आहे, मात्र त्यालाही धार लावावीच लागते. निसणा धरता येणारे हात कमी झाले, तर पोलाद कुठलं याने काही फरक पडणार नाही. पातं निसण्यावर कोणत्या कोनात धरायचं, हे रोपवाटिकेच्या प्रशिक्षणात कलमाइतक्याच गांभीर्याने शिकवलं गेलं पाहिजे.

आणि ज्यांनी असा चाकू नव्याने घेतला असेल त्यांना एवढंच सांगायचं आहे: पातं आठ दिवसांत काळं पडलं म्हणून दुकानात परत नेऊ नका, घासून पांढरंही करू नका. तांबडा डाग दिसला तर मात्र त्याच दिवशी बारीक राख आणि तेल लावून पुसून काढा.